पुन्हा सर आणि शाईचा ठिपका

माझ्या जावयांना कॉलेजात सगळे 'पुन्हा सर' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की पाठीमागे बोललेलं तोंडावरच येऊन पडतं. जावईबापूंना ते ठाऊक आहे. एकदा मला म्हणाले, "आई, मुलं मला काहीतरी नाव ठेवतात, पण एका सुरात ठेवत नाहीत हो." आता या माणसापुढे कुठे डोकं फोडायचं!

ते पियानो शिकवतात. दिवसभर कॉलेजात शिकवणी, मधूनमधून कुठल्या ना कुठल्या सभागृहात स्वतःचं वाजवणं, आणि उरलेला वेळ, म्हणजे जो माझ्या लेकीच्या वाट्याला यायला हवा तो, संशोधनाला. कॉलेजवाल्यांना म्हणे तिन्ही लागतं. नुसतं शिकवलं तर म्हणतात वाजवत का नाही, नुसतं वाजवलं तर म्हणतात लिहीत का नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी असं आपण म्हणतो. हे तीन घरचे पाहुणे, आणि उपाशी आम्ही.

बरं, एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही एवढं तरी कळावं! जेवायच्या टेबलावर सूप ढवळताना चमचा वाजला की यांची मान वर. "पुन्हा. जरा सैल मनगटानं." मला मागे खोकला झाला होता. मी उभा जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढलाय, खोकल्याचं मला कोणी काही सांगायला नको. तर हे दारात उभे राहून ऐकतायत. म्हणे, "आई, तुमचा खोकला तीन-तीनच्या गटात येतोय." मी म्हटलं, "मग काय करू, टाळ्या वाजवू? औषध आणून द्या, नाहीतर गप्प बसा."

गप्प बसणं हीच तर खरी गंमत आहे. कारण जावईबापू कित्येक वर्षं एक जाडजूड पुस्तक लिहितायत, आणि त्याचा विषय काय, तर शांतता! वाजवता वाजवता मध्येच सगळं थांबतं, कुणीच काही वाजवत नाही, ती जी मोकळी जागा असते, तिला विराम म्हणतात. त्या विरामावर यांचं संशोधन. ज्या माणसाला दात घासतानासुद्धा गप्प राहता येत नाही, तो शांततेवर पुस्तक लिहितोय. माझी लेक दातांची डॉक्टर आहे. ती म्हणते, "आई, माझ्या दवाखान्यात माणसं तोंड उघडं ठेवून गप्प बसतात. म्हणून मला तिथंच बरं वाटतं."

आता या सगळ्यात मी कुठे आले? तर मी यांची पानं उलटते. पियानोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा शेजारी बसून वहीचं पान वेळेवर उलटायला एक माणूस लागतो. पूर्वी विद्यार्थी उलटायचे. पण हे त्यांनाही शिकवायला लागले. कोपरा कुठे धरायचा, श्वास कधी घ्यायचा, पानाचा आवाज किती. शेवटी एकही पोरगं तयार होईना. मला त्या काळ्या ठिपक्यांतलं ओ की ठो कळत नाही. हे मान हलवतात, मी पान उलटते. एकदा मला म्हणाले, "आई, पुन्हा. जरा अलगद." मी म्हटलं, "ऐकलंत का, मी उठून घरी जाईन." तेव्हापासून ती नोकरी माझी पक्की झाली. दुसरं कोणी त्यांना दम देऊ शकत नाही ना!

आता त्या ठिपक्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या ठिपक्यापायीच झालं.

फार जुन्या काळचा कोणी एक संगीतकार होता. पोटभर खायलाही मिळत नसे बिचाऱ्याला. त्यानं व्हायोलिन आणि पियानोसाठी एक रचना लिहिली. तिची हाताने लिहिलेली एकच प्रत उरलीय, ती दूरच्या एका ग्रंथालयात काचेखाली ठेवलेली आहे. या रचनेत मधोमध दोन्ही वाद्यं एकदम थांबतात आणि मग व्हायोलिन एकटंच पुढे निघतं. त्या थांबण्याच्या जागेवर, कागदावर, एक ठिपका आहे. एवढंच. पण त्या एवढ्याशा ठिपक्यानं कॉलेजातल्या दोन शहाण्या माणसांची बोलाचाली बंद व्हायची वेळ आणली.

एक आमचे जावई आणि दुसऱ्या त्यांच्या विभागाच्या प्रमुखबाई. प्रमुखबाई म्हणतात, ती खूण आहे. ठिपक्यावरची अर्धगोल रेघ पुसली गेलीय, आणि त्या खुणेचा अर्थ, 'इथे मनाला येईल तितकं थांबा.' जावईबापू म्हणतात, कसली खूण नि कसलं काय, लिहिणाऱ्याच्या टाकातून शाई ठिबकली. डाग आहे तो! थांबायचं ते एका श्वासापुरतं, आणि पुढे निघायचं. यांनी यावर लेख लिहिला. त्यावर बाईंनी लेख लिहिला. मग यांनी बाईंच्या लेखावर लेख लिहिला, त्यात वर मजकूर चार ओळी आणि खाली टिपा पानभर. एका सुट्टीत घरातल्या सगळ्यांना समुद्रावर न्यायचं ठरलं होतं. नेलं कुठे, तर त्या ग्रंथालयाच्या गावाला! हे आत भिंग घेऊन ठिपका बघतायत, आणि आम्ही तिघी हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळतोय. संध्याकाळी आले ते असे खुशीत, जसं काही घरात बारसं आहे. "आई, डागच आहे!" मी म्हटलं, "अभिनंदन. आता समुद्र?" तर परतीची गाडी सकाळची.

तिघींतली तिसरी म्हणजे माझी नात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी म्हणून बसली नाही. व्हायोलिन हातात आलं आणि बसायला लागली. म्हणजे उभी राहायला लागली, व्हायोलिन उभ्यानं वाजवतात. आता ती वडिलांच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरात 'बाबा', कॉलेजच्या जिन्यात 'सर'. हे मात्र जिन्यात आणि घरात एकच म्हणतात, "पुन्हा."

पोरगी वाजवते छान, मला एवढं तरी कळतं. पण गेल्या वर्षी तिचा चेहरा उतरायला लागला. ती खोलीत वाजवायची आणि दाराबाहेर हे पेन्सिल कानावर खोचून उभे. दार वाजवायचे नाहीत, आत जायचे नाहीत. नुसतं बाहेरून, "पुन्हा." मग ती खिडक्या लावून वाजवायला लागली. मग वाजवणंच कमी झालं. मी जावयांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, पोरीच्या मागे किती लागाल?" ते गोंधळले. "आई, मी तिला बोलतो ते ती चांगली आहे म्हणून. जे चांगलं वाजवत नाहीत त्यांना मी 'छान' म्हणतो." बघा, काय हिशोब या माणसाचा! आणि पोरीला हे कधी सांगितलं का? छे.

त्यात भर पडली ती गाणाऱ्या सरांच्या प्रकरणाची. कॉलेजात दर वर्षी शिक्षकांचा जाहीर कार्यक्रम होतो. त्यात एका सरांचं गाणं होतं आणि साथीला आमचे जावई. मी शेजारी, पानं उलटायला. सभागृह भरलेलं. गाणारे सर डोळे मिटून रंगात आलेले, आणि यांचे हात एकदम थांबले. मोठ्यानं, अगदी वर्गात म्हणतात तसं, "नाही, नाही. मागच्या ओळीपासून पुन्हा." देवा रे! कुठे आहोत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. लोक आधी गप्प बसले, मग हसले. गाणाऱ्या सरांनी बिचाऱ्यांनी खरोखर मागच्या ओळीपासून पुन्हा म्हटलं! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत आपला चहाचा कप जावयांच्या कपाशेजारून उचलून वरच्या फळीवर नेऊन ठेवला. जावई माफी मागायला गेले आणि माफी मागता मागता कुठे चुकलं होतं ते समजावून आले. जित्याची खोड, दुसरं काय.

यंदाच्या कार्यक्रमात शिक्षकांबरोबर एका विद्यार्थ्यालाही घ्यायचं ठरलं. परीक्षेत भिंगरीचा पहिला नंबर आलेला, म्हणून तिची निवड झाली. आणि प्रमुखबाईंनी रचना कुठली ठरवावी? तीच. ठिपक्याची! वर म्हणाल्या, "बापलेकीनं वाजवावी, आम्ही ऐकू." बाईंचा हेतू मला चांगला कळला होता. भर सभागृहात यांना त्या जागेवरून जाताना बघायचं होतं.

त्या रात्री जेवताना भिंगरीनं काटा खाली ठेवला.

"बाबा, मी वाजवते तुझ्याबरोबर. पण एक सांगून ठेवते. स्टेजवर तू मला एक शब्द जरी बोललास ना, तर मी व्हायोलिन पेटीत ठेवणार आणि पेटी माळ्यावर. भूगोलाच्या विभागात जागा आहे. मी बोलून आलेय. सोमवारपर्यंत कळवायचंय त्यांना."

"भूगोल?" जावई म्हणाले.

"हो. तिथे मागच्या ओळीपासून पुन्हा म्हणत नाहीत."

माझी लेक नवऱ्याकडे बघत होती. मी लेकीकडे. पोरगी आजीवर गेलीय, बोलली की बोलली. मी नोकरीत असताना एका मोठ्या डॉक्टरांशी भांडून वॉर्ड बदलून घेतला होता, त्या जुन्या वॉर्डात शेवटपर्यंत परत गेले नाही. कार्यक्रम शनिवारी होता.

सराव घरीच व्हायचा. जावईबापू पेन्सिल दातात धरून वाजवायचे, तोंडातून शब्द निघू नये म्हणून. त्या आठवड्यात त्यांनी तीन पेन्सिली चावून टाकल्या आणि लेक दातांची काळजी करत बसली. ठिपक्याच्या जागी दोघं एक श्वास थांबायची आणि भिंगरी लगेच पुढे निघायची, बाबांच्या लेखाबरहुकूम. त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. शुक्रवारी हे हळूच माझ्या खोलीत आले.

"आई, उद्या मी तोंड उघडायला लागलो तर माझ्या पायावर पाय द्या."

"कुठल्या? दोन्ही पाय तर पियानोखालच्या पायपट्ट्यांवर असतात तुमचे."

"मग चिमटा काढा." आणि तिथेच खुर्चीत बसले. म्हणाले, "आई, मला ते कळतच नाही हो. मी बोलतो तेव्हा मी बोलतोय हे मला ऐकू येत नाही. पोरगी गेली तर मी काय करू?"

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आले. त्या दिवशी मात्र मला त्यांची दया आली. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कठीण काम, कारण ते लगेच म्हणाले, "तुमच्या हाताला कंप आहे."

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. पुढच्या रांगेत प्रमुखबाई, त्यांच्या शेजारी गाणारे सर, मागे सगळी पोरं. मी काळे कपडे घालून डाव्या बाजूला बसले. भिंगरी उजवीकडे, आमच्याकडे अर्धी पाठ करून. तिच्या मानेवरची नस उडताना मला दिसत होती. माझे डोळे आधी तिथेच जातात, सवयच आहे.

सुरुवात अशी छान झाली म्हणून सांगू! हे मान हलवत होते, मी पान उलटत होते. हलक्या हातानं, हो. मग ती जागा आली. दोघं थांबली. एक श्वास झाला. आता भिंगरीनं निघायचं.

भिंगरी निघाली नाही.

गज तारेवर टेकलेला, आणि तो हलेना. मी तिच्या गालाकडे बघितलं, पांढराफटक. मी ओळखलं. ऑपरेशनला नेताना माणसं स्वतःचं नाव विसरतात, तसा चेहरा. पोरगी पुढचं साफ विसरली होती. तिच्यापुढे वही नव्हती, ती पाठ वाजवत होती. सगळं सभागृह गप्प.

मी जावयांकडे बघितलं. त्यांचे ओठ जुळले होते. आता मला सांगा, ओठ जुळवून कुठलं अक्षर निघतं? 'पु' मला पाठ आहे. मी चिमट्याला बोटं सरसावली. नुसता पहिला सूर पियानोवर हळूच दिला असता तरी पोरीला आठवलं असतं; पण समोर सगळे वाजवणारेच, एकूण एकाला कळलं असतं की बापानं आठवण करून दिली.

आणि मग त्या माणसानं काय केलं, तर ओठ मिटून घेतले. मांडीकडे जाणारे दोन्ही हात वर उचलले आणि पट्ट्यांच्या वर, हवेत, तसेच धरून ठेवले. मान थोडी खाली, डोळे मिटलेले. जसं काही इथे थांबायचंच होतं. जसं काही ते कागदावर लिहिलेलंच होतं, मनाला येईल तितकं थांबा. एवढ्या वेळात मी एखाद्याचा रक्तदाब मोजून कागदावर लिहिला असता. मागे कुणी खोकलंसुद्धा नाही. यांचे हात हवेत स्थिर, आणि फक्त मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, हनुवटी थरथरत होती.

भिंगरीनं जरा मान वळवली. तिला ते हात दिसले. तिच्या खांद्यातून श्वास सुटला आणि गज हलला. इतका हळू सूर आला, की आधी मला वाटलं बाहेरूनच कुठून तरी येतोय. पुढचं सगळं तिला आठवलं. शेवटापर्यंत. मी एक पान उलटायला उशीर केला, डोळ्यांत पाणी आलं होतं, सांगून टाकते. जावई काही बोलले नाहीत.

टाळ्या थांबेनात. पोरं उभी राहिली. आणि पडद्यामागे आम्ही पाणी पितोय न पितोय तोच प्रमुखबाई आल्या, मागे गाणारे सर, त्यांच्या मागे आणखी चार शिक्षक. बाईंचे डोळे भरलेले. आणि त्या भरल्या डोळ्यांत विजय!

"काय थांबलात हो! अंगावर काटा आला. म्हणजे शेवटी मान्य केलंत. तो डाग नाही, खूणच आहे."

भिंगरी पुढे झाली. पोरीच्या मनात पाप नाही. "मॅडम, ते खरं तर मी—"

"हो," जावई मध्येच म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. "बाई, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो होतो."

मी खुर्ची शोधली आणि बसले. या माणसानं फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली होती तेव्हा चूक खांबाची निघाली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या लेकीनं 'मी चुकलो' ऐकलं नव्हतं, ते बाईंना पाण्याच्या पेल्याबरोबर फुकटात मिळालं. गाणारे सर तर आ वासून बघत होते.

घरी आल्यावर भिंगरी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. हे आपलं पाव कापत होते.

"बाबा, मी विसरले होते. तुला माहीतेय."

"हं."

"आणि तो डाग आहे की खूण?"

"डाग आहे," ते म्हणाले. "मी भिंगातून बघितलाय. शाई खाली ओघळलीय."

"मग तसं लिही ना पुस्तकात! अख्खा धडा आहे तुझा त्याच्यावर."

"लिहिलं तर बाई विचारतील, मग त्या दिवशी एवढे का थांबलात? काय सांगू?" त्यांनी पावाचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "तो धडा काढला मी. पुस्तक जाड होतंच फार. खा."

ती खाईना. तशीच बघत राहिली त्यांच्याकडे. मी आणि लेक दोघी उगाच भांडी लावायला लागलो, लावलेलीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भिंगरीच्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं. तीच जागा, थांबायची आणि पुढे निघायची. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर जावईबापू दाराबाहेर उभे. कानाला पेन्सिल, तोंडावर स्वतःचाच हात घट्ट दाबलेला. मला बघून ओशाळले, आणि चोरपावलांनी निघाले.

आतलं वाजवणं थांबलं.

"बाबा, बाहेर आहेस ना?"

हे जागच्या जागी. तोंडावरचा हात काढून म्हणाले, "छान होतं."

आतून काहीतरी आपटलं. दार उघडलं. भिंगरी व्हायोलिन हातात घेऊन उभी, डोळे लाल. "मला 'छान' म्हणायचं नाही! कळलं? ते तू बाकीच्यांना म्हणतोस." मी कपाकडे बघितलं. आता पोरीला कोणी ते सांगितलं असेल तर असो, आजीला काय काय बघावं लागतं! "कुठे चुकलं ते सांग."

जावयांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग इतक्या हळू म्हणाले, की दाराबाहेरून इतकं हळू मी कधी ऐकलं नव्हतं. "पुन्हा."

ती आत वळली. ते तिच्यामागे आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत गेले. दुपार झाली तरी दोघं बाहेर येईनात. मी कानात कापूस घालून पेपर वाचत बसले.

सोमवारी भूगोलवाल्यांचा फोन आला होता. मी उचलला. म्हटलं, ती कामात आहे.